झाडं हिरवी, घरं राख: वारा वणव्याला शहरात कसा आणतो

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडिना या दोन वस्त्या जळाल्या. सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या, एकतीस माणसं दगावली. नंतर वरून काढलेले फोटो जगभर फिरले आणि त्यांतली एक गोष्ट अनेकांना खटकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या जागी राखेचे चौकोन, मधूनच एखादं विटांचं धुराडं उभं, आणि त्याला लागूनच झाडं मात्र शाबूत. काही तर हिरवीगार. मग समाजमाध्यमांवर सुरू झालं: आग जंगलाची होती तर झाडं कशी वाचली? कुणी आकाशातून लेसर सोडला का? २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं आणि २०२३ मध्ये हवाईतलं लाहायना जळालं, तेव्हाही हेच बोललं गेलं होतं.

लेसरची गोष्ट खोटी आहे. पण झाडं का वाचली, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर या आगींबद्दलच्या बाकीच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं, भाचवंडं कॅलिफोर्निया-कोलोरॅडोत घर घेऊन राहतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा

आपण पश्चिमेकडच्या समुद्रावरून ओलावा घेऊन येणाऱ्या वाऱ्याला सरावलेलो आहोत. दक्षिण कॅलिफोर्नियातही एरवी वारा समुद्राकडूनच येतो. पण शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत अधूनमधून तो उलटा वाहतो, वाळवंटाकडून समुद्राकडे. नेवाडा आणि युटाच्या उंच पठारांवर थंड, जड हवा साचते, तिथला दाब वाढतो आणि ती हवा किनाऱ्याकडच्या कमी दाबाकडे सुटते. वाटेत डोंगररांगा आहेत. त्यांच्या खिंडींतून घुसताना तिचा वेग वाढतो. उतारावरून खाली येताना ती दाबली जाते, आणि दाबली गेलेली हवा तापते. हजार मीटर खाली आली की साधारण दहा अंशांनी. तापली की ती आणखी कोरडी होते. या वाऱ्याला तिथे सांता ॲना म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला असाच वारा वाहतो, त्याचं नाव डिआब्लो.

७ जानेवारी २०२५ ला आलेला सांता ॲना नेहमीपेक्षा फार जोरकस होता. डोंगराळ भागात काही झोत ताशी सव्वाशे किलोमीटरच्याही वर गेले. अमेरिकेच्या हवामान सेवेने आधीच सर्वांत कडक शब्दांत इशारा दिलेला होता. आणि पाऊस? लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात मे २०२४ पासून जेमतेम ४ मिलिमीटर. त्याआधीचे दोन हिवाळे मात्र भरपूर पावसाचे होते, त्यामुळे डोंगरांवर गवत आणि झुडपं माजली होती. ती सगळी आठ महिने वाळत पडली. इथे उंच झाडांचं घनदाट जंगल नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. या डोंगरांवर चॅपरल नावाची तेलकट पानांची खुरटी झुडपं असतात.

आग पुढे जाते ती ज्वाळांनी नाही

वणवा म्हटलं की ज्वाळांची एक भिंत सरकत सरकत घरांवर येते, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. वाऱ्याने भडकवलेल्या आगीत बहुतेक घरं तशी जळत नाहीत. झुडपं, झाडांच्या साली, फांद्या पेटल्या की त्यांचे जळते तुकडे वारा उचलतो. हे उडते निखारे ज्वाळांच्या कितीतरी पुढे, कधी कधी एक-दोन किलोमीटर अंतरावर जाऊन पडतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये टब्स नावाच्या आगीने कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा शहरात सहा पदरी महामार्ग ओलांडला तो असाच. पलीकडच्या कॉफी पार्क वस्तीतली हजाराहून जास्त घरं गेली. सरकारी नकाशांवर ती वस्ती धोक्याच्या क्षेत्रात नव्हतीच.

पण नुसता निखारा पडला म्हणून घर पेटत नाही. चूल पेटवताना आपण जाड ओंडक्याला काडी लावत बसत नाही. आधी पालापाचोळा, चिपाडं, काटक्या, मग बारीक लाकडं, आणि जाळ धरला की ओंडका. हा क्रम चुकला तर चूल पेटत नाही. उडत्या निखाऱ्यालाही हाच क्रम लागतो. तो प्लास्टर केलेल्या भिंतीवर आदळला तर विझून खाली पडतो. पन्हळीत वाळलेली पानं साचलेली असतील तर त्याला चिपाडं मिळाली. दारापुढचं काथ्याचं पायपुसणं, भिंतीला टेकवलेली सरपणाची रास, घरालगतच्या वाफ्यांत अंथरलेला सालींचा थर, कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा, लाकडी कुंपण, मागच्या अंगणातल्या लाकडी डेकच्या फटी, या सगळ्या त्याच्या काटक्या. आणि सर्वांत घातक म्हणजे पोटमाळ्याला हवा लागावी म्हणून छपराच्या कडेला ठेवलेल्या जाळ्या. जुन्या घरांत या जाळ्यांची भोकं मोठी असतात. त्यांतून निखारे आत जातात आणि पोटमाळ्यावरचं लाकूड, खोकी, जुने कागद धुमसायला लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला अर्धा तास काही दिसत नाही. मग एकदम छप्परच पेटतं.

हिरव्या झाडावर हाच निखारा पडतो तेव्हा? पानांत, खोडात पाणी असतं. ते आधी उकळून जावं लागतं, तोवर निखारा विझतो. झाड वाचतं, घर जातं. फोटोतलं कोडं एवढंच होतं.

एक घर पेटलं की शेजारचं

वाळकं गवत काही सेकंदांत जळून जातं, झुडूप मिनिटभरात. घर तास-दोन तास जळतं. अमेरिकेतल्या साध्या घराचा सांगाडा लाकडाचा असतो. आत फोमचे सोफे, गाद्या, गालिचे, प्लास्टिकच्या वस्तू, गराजमध्ये मोटार. डोंगरावरच्या कुठल्याही झुडपात एवढं जळण नसतं. त्या उष्णतेने शेजारच्या घराच्या खिडकीची काच तडकते आणि पडदे पेट घेतात. शिवाय जळणारं घर स्वतःचे निखारे सोडतं, आणि ते झुडपांच्या निखाऱ्यांहून मोठे असतात. इथून पुढे त्या आगीला जंगलाची गरजच उरत नाही. ती घराघरांतून वाऱ्याच्या दिशेने चालत जाते.

अमेरिकेच्या वनसेवेत संशोधन करणाऱ्या जॅक कोहेन यांनी हे फार वर्षांपूर्वी ओळखलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून प्रयोग झाले. तिथे त्यांनी लाकडी भिंती वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या केल्या. धडधडून पेटलेल्या जंगलापासून १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, २० मीटरवरच्या फक्त करपल्या, ३० मीटरवरच्यांना काही झालं नाही. म्हणजे घराचं नशीब ठरतं ते खुद्द घर आणि त्याभोवतीच्या तीसेक मीटरच्या जागेत. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि तीस वर्षं होत आली तरी ती लोकांपर्यंत पोचलेली नाही.

कोलोरॅडोतली ३० डिसेंबर २०२१ ची मार्शल आग तर जंगलाची नव्हतीच, गवताची होती. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात ती लुइसव्हिल आणि सुपीरियर या अगदी सर्वसामान्य उपनगरांत शिरली आणि एका दिवसात हजाराहून जास्त घरं गेली. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला. लाहायनातही तेच. उसाचे मळे बंद पडल्यावर त्या पडीक जमिनीवर बाहेरून आलेलं उंच गवत माजलं होतं. ८ ऑगस्ट २०२३ च्या वाऱ्यात त्या गवताने आग गावात आणली आणि पुढे घरांनी घरं पेटवली. शंभरावर माणसं गेली.

बंबांना पाणी का मिळालं नाही?

पॅलिसेड्समध्ये रस्त्यावरचे नळ कोरडे पडले, यावरून तिथे फार संताप झाला. उंचावरच्या भागाला दाबाने पाणी मिळावं म्हणून तिथे तीन मोठ्या टाक्या आहेत, प्रत्येकी जवळपास ३८ लाख लिटरच्या. पहाटे तीनपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या. पंधरा तास मागणी नेहमीच्या चौपट होती. वर चढवल्या जाणाऱ्या पाण्यापेक्षा खाली उपसलं जाणारं पाणी जास्त होतं. शिवाय जळून पडलेल्या प्रत्येक घराचा तुटलेला नळ वाहत राहतो, आणि हे गळणारं पाणी सगळ्या वाहिनीचा दाब घालवतं. सांता इनेझ नावाचा तिथला मोठा जलाशय तेव्हा आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता. लोकांचा राग मला समजतो. तो भरलेला असता तर कदाचित थोडा वेळ दाब टिकला असता. पण शहराची नळयोजना एकाच वेळी एक-दोन इमारती विझवायला आखलेली असते, शेकडो नाही.

समुद्र शेजारी होता, मग विमानं? कॅनडाहून आलेली, समुद्रातून पाणी उचलणारी विमानं तिथे होती आणि त्यांनी कामही केलं. पण ७ तारखेच्या रात्री वारा इतका होता की विमानं आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवावी लागली. अशा वाऱ्यात वरून टाकलेलं पाणी फवाऱ्यासारखं उडून जातं, आगीवर पडतच नाही. सर्वाधिक घरं गेली ती याच तासांत. वारा पडेपर्यंत अग्निशमन दलाच्या हाती मुख्यतः माणसं बाहेर काढणंच उरतं.

लाकडाची घरं बांधतातच कशाला?

सिमेंट-विटांच्या घरांत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. एक कारण, लाकूड तिथे मुबलक आणि स्वस्त, आणि त्यात काम करणारे कारागीर सगळीकडे. दुसरं कारण भूकंप. कॅलिफोर्नियात भूकंपाचा धोका कायमचा आहे. नुसत्या विटांचं घर धक्क्याने कोसळतं, लाकडाचा सांगाडा लवतो आणि टिकतो. म्हणून लाकूड हा तिथे मूर्खपणा नाही.

शिवाय आगीला तोंड देणारं लाकडी घर बांधता येतं. बाहेरून प्लास्टर, छपरावर कौलं किंवा न पेटणारे पत्रे, बारीक जाळीची किंवा निखारे अडवणारी झरोक्यांची झाकणं, दुहेरी कडक काचा. कॅलिफोर्नियाने २००८ पासून धोक्याच्या क्षेत्रांतल्या नव्या घरांना हे सक्तीचं केलं. पॅराडाइजमध्ये आगीच्या वाटेवर असलेल्या, २००८ नंतर बांधलेल्या घरांपैकी निम्म्यांना धक्का लागला नाही. त्याआधीच्या घरांत हे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होतं. अडचण अशी की अल्टाडिनातली बहुतेक घरं कित्येक दशकं जुनी होती. जुन्या घरांना हा नियम लागू नाही.

डोंगर साफ ठेवले असते तर?

जंगलाची नीट निगा राखली नाही म्हणून आगी लागतात, असं राजकारणी दर आगीनंतर म्हणतात. उंच झाडांच्या जंगलात यात तथ्य आहे. तिथे अधूनमधून मुद्दाम, हिशेबाने लावलेली लहान आग खालचा पालापाचोळा कमी करते. चॅपरलला मात्र हा उपाय लागू पडत नाही. झुडपं सारखी जाळली किंवा छाटली तर त्यांच्या जागी परदेशी गवत येतं, आणि ते जास्त लवकर वाळतं, जास्त लवकर पेटतं. आणि निखारे दोन किलोमीटर उडत असतील तर वस्तीभोवतीचा शंभर मीटरचा उघडा पट्टा त्यांना अडवणार कसा?

ठिणगी कुणाची?

जवळजवळ नेहमीच माणसाची किंवा माणसाच्या यंत्राची. पॅराडाइजची आग पीजी अँड ई या वीज कंपनीच्या उच्चदाब वाहिनीची तार धरून ठेवणारा, जवळपास शंभर वर्षं जुना धातूचा हूक तुटून लागली. ८५ माणसं गेली. २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ मृत्यूंसाठी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. पॅलिसेड्सची आग १ जानेवारीला लागलेल्या आणि विझली असं समजलेल्या छोट्या आगीतून, मुळांमध्ये धुमसत राहिलेल्या निखाऱ्यांतून उठली, असं तपासयंत्रणा सांगतात. ती पहिली आग लावल्याच्या आरोपावरून एका माणसाला अटक झाली. १९९१ ची ओकलंडची आग, जिच्यात २५ जण गेले, तीसुद्धा आदल्या दिवशी विझवलेल्या आगीतूनच पुन्हा पेटली होती.

मग हवामानबदलाचा संबंध काय? तो ठिणगी टाकत नाही, जळण वाळवतो. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने काढलं की लॉस एंजेलिसच्या त्या आठवड्यातल्या आगीला पोषक हवेची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. पूर्वी जानेवारीपर्यंत पाऊस झालेला असायचा आणि सांता ॲना ओल्या डोंगरांवरून वाहून जायचा. आता पाऊस उशिरा येतो, आणि वाऱ्याला कोरडे डोंगर सापडतात.

घराभोवतीचे पाच फूट

भिंतीपासून पाच फूट, म्हणजे दीड मीटर, या पट्ट्यात पेटणारं काहीही ठेवायचं नाही. ना झुडूप, ना सालींचा थर, ना लाकडी कुंपणाचं टोक. तिथे खडी, फरशी किंवा उघडी माती. कॅलिफोर्नियात याला झोन झिरो म्हणतात. धोक्याच्या क्षेत्रांत हे बंधनकारक करणारा कायदा २०२० मध्ये झाला, नियम मात्र २०२३ च्या मुदतीत निघाले नाहीत. आगीनंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, गव्हर्नरांना त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागला. विरोध कुणाचा? बऱ्याच ठिकाणी घरमालकांचाच. वर्षानुवर्षं वाढवलेला गुलाब खिडकीखालून काढायला सांगितलं तर जिवावर येतं, हे मी समजू शकतो. तरीही काढायला हवा.

यातली खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही सगळं केलंत आणि तीन मीटरवरच्या शेजाऱ्याने काही केलं नाही, तर त्याचं घर तुमचं घर पेटवेल. दाट वस्तीत एकट्याने केलेली तयारी अर्धीच कामी येते. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून करायची ही गोष्ट आहे. अमेरिकेसारख्या, 'माझं अंगण, माझी मर्जी' मानणाऱ्या देशात ती सर्वांत कठीण जाते.

विमा कंपन्यांनी हे सरकारच्या आधी ओळखलं. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी हजारो जुन्या पॉलिसींचं नूतनीकरण नाकारलं. त्यांत पॅलिसेड्समधली घरंही होती. ज्यांना कुणीच विमा देत नाही, त्यांना फेअर प्लॅन नावाच्या शेवटच्या पर्यायाकडे जावं लागतं. हप्ता जास्त, संरक्षण कमी. आणि विमा नसेल तर गृहकर्जही मिळत नाही. तिकडे घर घेणाऱ्या मुलांनी किंमत विचारण्याच्या आधी विम्याचं विचारावं.

तिकडे गेलेले आईबाबा

या आगींत मरणारी माणसं बहुतांशी म्हातारी असतात. पॅराडाइजमध्ये तसंच झालं, लाहायना आणि अल्टाडिनातही. अल्टाडिनात आग संध्याकाळी साडेसहाच्या आधी लागली. गावाच्या पश्चिम भागाला बाहेर पडण्याचा आदेश मिळाला पहाटे जवळपास साडेतीनला. जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागातले. लाहायनात भोंगे वाजलेच नाहीत. म्हणून इशाऱ्याची वाट पाहत बसणं धोक्याचं आहे.

आपल्याकडून सहा महिन्यांसाठी मुलांकडे गेलेले आईबाबा दिवसभर घरात एकटे असतात, बऱ्याचदा गाडी चालवत नाहीत, फोनवर भारतातलं सिमकार्ड असतं. तिथल्या काउंटीचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा, इशारा त्या फोनवर येईलच असं नाही. त्यांच्यासाठी चार गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. तिथला नंबर घेऊन काउंटीच्या इशारा-सेवेत नोंदवावा. बाहेर पडण्याचे आदेश ज्या विभागांनुसार निघतात, त्यांतल्या कुठल्या क्रमांकाच्या विभागात आपण राहतो, ते फ्रिजवर लिहून ठेवावं. दिवसा गाडीने नेऊ शकेल अशा एका शेजाऱ्याशी बोलून ठेवावं. पासपोर्ट, औषधं, चष्मा एका पिशवीत दाराजवळ असावेत. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे तयार राहा, 'ऑर्डर' म्हणजे ताबडतोब निघा. पण वयस्क माणसांनी वॉर्निंगलाच निघावं, असं तिथली अग्निशमन दलं स्वतः सांगतात. पॅलिसेड्समध्ये उशिरा निघालेल्यांच्या गाड्या रस्त्यात अडकल्या, लोक गाड्या सोडून पायी पळाले, आणि नंतर त्या बुलडोझरने बाजूला साराव्या लागल्या.

गराजचं दार विजेवर चालतं, आणि अशा वाऱ्यात वीज जाते किंवा कंपनीच ती बंद करते. २०१७ च्या आगींत काही माणसं दार उघडता न आल्याने गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने नव्या दारांच्या यंत्राला बॅटरी सक्तीची केली. जुन्या दारांना ती नसते. त्या यंत्राला छताजवळ एक लाल दोरी लटकत असते. ती ओढली की दार यंत्रापासून सुटतं आणि हाताने वर उचलता येतं. पुढच्या व्हिडिओ कॉलवर मुलांना सांगा, ती दोरी आईबाबांना एकदा दाखवा आणि दार त्यांच्याकडून उघडून घ्या. दार जड असतं. त्यांना उचलत नसेल, तर गाडी बाहेरच लावायची.